एक सुलट, एक उलट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून पाककृती सांगता येते, गाणं शिकवता येतं, पण दोन सुयांवरचं विणकाम शिकवता येत नाही. प्रयत्न करून बघू. डाव्या हातातल्या सुईवर टाके आहेत. उजव्या हातातली सुई पहिल्या टाक्यात घाला, लोकर सुईवरून घ्या, तयार झालेला फास टाक्यातून ओढून काढा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. झाला एक सुलट टाका. ज्यांना विणता येतं त्यांना हे ऐकताना कंटाळा आला असेल. ज्यांना येत नाही त्यांना यातलं काहीही कळलेलं नसेल. मावशीच्या शेजारी बसलेल्या मुलीला मात्र हेच अर्ध्या मिनिटात कळतं, कारण मावशी तोंडाने फारसं बोलत नाही. ती मुलीची बोटं आपल्या बोटांत धरते.

तेव्हा विणायचं कसं, हे मी आज सांगणार नाही. ते कोणाला शिकवलं गेलं, कोणी शिकवलं आणि कशासाठी, हे सांगणार आहे. लोकरकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुपारची कामं आटोपून उन्हात बसलेली, कुणाच्या तरी बाळंतविड्यासाठी टोपडं विणणारी बाई येते. हे चित्र खोटं नाही, पण बरंच अलीकडचं आहे. युरोपात त्याआधीची तीनशे वर्षं विणकाम शिकणं म्हणजे पोटाची सोय लावणं होतं. आणि शिकणारी व्यक्ती पुष्कळदा सहा-सात वर्षांचं मूल असे.

जाता जाता एक भाषेची अडचण सांगतो. मराठीत मागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. क्रियापद एकच, पण कामं अगदी निराळी. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंततात. सुयांवर एकच अखंड धागा असतो आणि त्याचे फास एकमेकांत अडकत जातात. म्हणून स्वेटर ताणतो, धोतर ताणत नाही. आणि म्हणूनच एक टाका निसटला की खालपर्यंत शिडी पडते. मागावर बसणाऱ्याला आपल्याकडे विणकर हे नाव आहे, कोष्टी-साळी अशा जातीही आहेत. सुयांवर विणणाऱ्याला मराठीत वेगळं नावच नाही. ही कला आपल्याकडे किती उशिरा आली, त्याची ही एक खूण समजायला हरकत नाही.

सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तच्या कोरड्या मातीने जपले. अकराव्या ते चौदाव्या शतकांतल्या मोज्यांचे ते तुकडे आहेत. ते लोकरीचे नाहीत, सुती आहेत; पांढऱ्यावर निळी नक्षी. तिथून अरबांबरोबर ही कला स्पेनमध्ये गेली असावी. उत्तर स्पेनमध्ये बुर्गोसच्या मठात १२७५ साली वारलेल्या फर्नांदो या ख्रिस्ती राजपुत्राची कबर आहे. तिच्यात विणलेली उशी सापडली. तिच्या काठावर अरबी लिपीत एकच शब्द पुनःपुन्हा विणलेला आहे : बरकत. मुसलमान कारागिराने ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली आपल्या भाषेतला आशीर्वाद ठेवला, आणि राजघराण्यात त्याचं कुणाला वावगं वाटलं नाही.

पुढच्या दोन-तीन शतकांत युरोपातल्या शहरांतून विणणाऱ्यांचे कारागीरसंघ उभे राहिले. पॅरिसचा संघ १५२७ सालचा. हे संघ पुरुषांचे होते. पोरगा उस्तादाकडे राहायचा, तीन वर्षं शिकायचा, पुढची तीन वर्षं गावोगाव फिरून इतरांच्या हाताखाली काम करायचा आणि मग परीक्षेला बसायचा. परीक्षा म्हणजे काही आठवड्यांच्या मुदतीत टोपी, अंगरखा, मोज्यांचा जोड आणि फुलापानांची रंगीत नक्षी असलेला भलामोठा गालिचा विणून दाखवणं. हे झाल्यावर त्याला स्वतःचं दुकान काढता येई. म्हणजे विणकामाला सोनारकामाएवढी प्रतिष्ठा होती, आणि सोनारकामाएवढीच कुलपंही होती. उस्तादाने काही खुब्या शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवायच्या, हे सर्वच धंद्यांत चालायचं. आपल्याकडच्या गवयांच्या घराण्यांना ते नवीन नाही.

इंग्लंडमध्ये मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस वेगळंच काही घडलं. शहरांत गरिबांची संख्या वाढली होती, आणि त्यांना पोसायचा खर्च करातून करावा लागत होता. लिंकन, लेस्टर, यॉर्क अशा नगरांच्या कारभाऱ्यांनी यावर तोड काढली : गरिबांच्या मुलांसाठी विणकामाच्या शाळा. निवड बिनचूक होती. मागाला जागा लागते, भांडवल लागतं. विणायला चार सुया आणि लोकरीचा गुंडा पुरे. अंधारात जमतं, चालताना जमतं, गुरं राखताना जमतं. लिंकन नगराने १५९१च्या सुमारास एका विणणाऱ्याशी करार केला, त्यात एक मोठी सुंदर अट आहे : येईल त्याला शिकवावं आणि या विद्येतलं काहीही लपवून ठेवू नये. कारागीरसंघाचं कुलूप असं कराराच्या एका कलमाने काढलं गेलं. पण याच शाळांत पहिल्यांदा तो प्रश्नही उभा राहिला, जो पुढे सुटला नाही. मूल शाळेत बसून मोजे विणतं, मोजे विकले जातात. मग ते मूल शिकतंय की राबतंय?

याच सुमाराला, १५८९ साली, विल्यम ली नावाच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या पाद्र्याने मोजे विणणारं यंत्र तयार केलं. एलिझाबेथ राणीने गरिबांचा रोजगार जाईल म्हणून त्याला सनद नाकारली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिला कागदोपत्री आधार कमी. ली फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. यंत्र मात्र इंग्लंडला परतलं, आणि पुढच्या दोनशे वर्षांत शहरांतला हाताने विणणारा पुरुष उस्ताद जवळजवळ नाहीसा झाला. १८११ साली ज्या लडाइट मंडळींनी यंत्रं फोडायला सुरुवात केली, ती विणकामाच्या याच यंत्रांवर काम करणारी माणसं होती. हाताचं विणकाम उरलं ते डोंगराळ, दरिद्री भागांत.

असा एक भाग म्हणजे उत्तर इंग्लंडमधलं डेंट हे खोरं. शेती बेताची, मेंढ्या पुष्कळ. तिथे बाया, बाप्ये, मुलं सगळेच विणायचे. उजव्या कमरेला पट्ट्यात एक लाकडी म्यान खोचलेलं असे. त्याच्या भोकात एका सुईचं टोक रुतवलं की ती सुई हाताने धरावी लागत नाही, बोटं मोकळी राहतात आणि वेग वाढतो. ही म्यानं मुलगे कोरीवकाम करून, आद्याक्षरं घालून आवडत्या मुलीला भेट देत. संध्याकाळी शेजारपाजारची माणसं एकाच घरी जमत, म्हणजे एकाच चुलीत आणि एकाच दिव्यात भागे. सगळे विणताना अंग पुढेमागे झुलवत, गाणी म्हणत. ओळीला ओळ जुळली की हातही जुळत. जात्यावरच्या ओव्या माहीत असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या माणसांना आसपासचे लोक ‘टेरिबल निटर्स’ म्हणत. टेरिबल म्हणजे वाईट नव्हे. आपण ‘भयंकर हुशार’ म्हणतो ना, तसंच ते. रॉबर्ट साउदी या कवीने १८३४पासून खंडाखंडांनी प्रसिद्ध झालेल्या ‘द डॉक्टर’ या ग्रंथात त्यांच्याविषयीची एक हकिकत घातली आहे. ती बेटी यूडेल या बाईने म्हातारपणी आपल्या बोलीत सांगितलेली आहे. मला वाटतं, हस्तकला शिकण्याच्या इतिहासातलं एवढं खरं पान दुसरं मिळणं कठीण.

बेटी लँगडेल या दुसऱ्या खोऱ्यातली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. ती सात-आठ वर्षांची असताना तिला आणि तिच्याहून धाकट्या बहिणीला आईबापांनी डेंटला पाठवलं, विणकाम शिकायला. शिकून येतील, चार पैसे मिळवतील, एवढाच हिशेब. तिथे त्या एका घरी राहिल्या. शाळेत मास्तर आणि मास्तरीणबाई होत्या. ते प्रत्येकीला एखादा धडा देत, आणि बाकी वेळ सगळ्या मुलांनी एकमेकांशी चढाओढ लावून विणायचं. विणताना गाण्यात खोऱ्यातल्या माणसांची नावं गुंफायची, म्हणजे हात थांबत नाहीत. खाणं घरच्यासारखं नव्हतं. रात्री सगळ्यांत वाईट जात. शेवटी एक दिवस दोघी बहिणी कुणाला न सांगता निघाल्या. डेंट ते लँगडेल म्हणजे तीसएक मैल, डोंगरातले. सात वर्षांच्या मुलीने धाकटीचा हात धरायचा आणि रस्ता विचारत चालायचं. वाटेत लोकांनी घास दिला, रात्री निजायला जागा दिली, आणि त्या घरी पोचल्या.

हे सांगताना म्हातारी बेटी डेंटच्या लोकांना शिव्या देत नाही. तिच्या बोलण्यात त्यांच्या हाताच्या वेगाचं कौतुकच आहे. तिला विणकाम आलं, ते तिथेच. आणि ती पळाली, तीही तिथूनच. या दोन गोष्टींपैकी एकच खरी मानायचा मोह होतो. हस्तकलेवर लिहिणारे पहिलीच सांगतात : काय ती गाणी, काय तो दिव्याभोवतीचा मेळा. बालमजुरीवर लिहिणारे दुसरीच. बेटीने दोन्ही सांगितल्या.

शेटलंड बेटांवर मुलींना शाळाही लागली नाही. तिथे विणकाम आईकडून यायचं. तिथल्या जाळीदार शाली इतक्या तलम असत की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. पाठीवर जळणाच्या टोपल्या घेऊन चालतानाही बायकांचे हात सुयांवर चालू असत. १८७२ साली सरकारने तिथल्या व्यापाराची चौकशी केली. तेव्हा उघड झालं ते असं, की व्यापारी या बायकांना पैसे देतच नव्हते. शालीच्या बदल्यात दुकानातला चहा किंवा कापड घ्यायचं. मग पीठ हवं असलेली बाई तो चहा घेऊन शेतकऱ्याच्या दारी जायची आणि पिठाशी बदली करायची. अंगठीतून निघणारी शाल विणणारी बाई, आणि घरात रात्रीच्या भाकरीचं पीठ नाही.

त्याच काळात शहरांतल्या सुखवस्तू घरांत विणकाम उलट्या वाटेने शिरत होतं. तिथे आईला ते येत नव्हतं, म्हणून पुस्तक लागलं. एडिंबरोच्या जेन गोगेन यांचं १८४० सालचं पुस्तक या प्रकारातलं गाजलेलं. सुरुवातीला सांगितलेली रेडिओची अडचण त्यांचीही होती : बोटांची हालचाल शब्दांत कशी मांडायची? त्यांनी एकेका टाक्यासाठी एकेक अक्षर ठरवलं आणि ओळीच्या ओळी त्या अक्षरांत लिहिल्या. इतर लेखिकांनी आपापली वेगळी अक्षरं ठरवली. त्यामुळे एकीच्या पुस्तकावर शिकलेली बाई दुसरीच्या पुस्तकापुढे निरक्षर. तरीही यातून पहिल्यांदाच मावशीशिवाय विणकाम शिकणं शक्य झालं, हे लहान काम नव्हे.

शाळांनी या अक्षरांवर कडी केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत मुलींना शिवण-विणकाम सक्तीचं झालं, आणि साठ-सत्तर मुलींच्या वर्गात बोटं धरून शिकवणं अशक्य म्हणून कवायत सुरू झाली. हुकूम सुटायचा, सगळ्यांनी सुया उचलायच्या. दुसरा हुकूम, सुई टाक्यात. तिसरा, लोकर सुईवरून. गाण्याच्या जागी आता आकडे आले होते. आपल्याकडे आलेल्या मिशनरी बायका याच पद्धतीत वाढलेल्या होत्या.

त्या इकडे आल्या त्याआधी पहिल्या महायुद्धातला एक प्रसंग सांगून टाकतो, काळाचा क्रम थोडा मोडून. १९१४च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि राणी मेरीने सैनिकांसाठी तीन लाख मोज्यांचे जोड मागितले. घराघरांतून सुया निघाल्या. ज्यांना येत नव्हतं त्याही शिकायला बसल्या. सगळीकडे कौतुक. फक्त मेरी मॅकार्थर ही कामगार पुढारी बाई अस्वस्थ झाली. तिचं म्हणणं सरळ होतं : तुम्ही फुकट विणलेला प्रत्येक मोजा हा मजुरीवर विणणाऱ्या कुणा बाईच्या हातातला घास आहे. युद्धामुळे तिचा रोजगार आधीच गेलाय. विशेष म्हणजे राणीने तिला बोलावून घेतलं, ऐकून घेतलं, आणि बेकार बायकांना मजुरीचं काम देण्यासाठी वेगळा निधी उभा राहिला. हौसेचं शिक्षणही कुणाच्या तरी पोटावर येऊ शकतं, ही गोष्ट त्या धामधुमीत कुणाला तरी सुचली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता आपल्याकडे. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवण, भरतकाम, क्रोशा आणि सुयांवरचं विणकाम देशभर पसरलं. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली ती दुष्काळात आणि गरिबीत आधार म्हणून. पुढे तिचा निर्यातीचा धंदा झाला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. घरात बसून दिवसाचे सहा-आठ तास लेस करणाऱ्या हजारो बायकांना कामगार म्हणून कुणी मोजतच नव्हतं. त्या म्हणे फावल्या वेळात लेस करतात! शेटलंडच्या चहाची इथे आठवण होते.

पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन उभं केलं, तेव्हा शिवण-भरतकामाचे वर्ग काढण्यामागचा विचार निराळा होता. शिकायला येणाऱ्या पुष्कळ जणी प्रौढ होत्या, विधवा होत्या, माहेर-सासर दोन्हीकडे नकोशा झालेल्या होत्या. आपण का शिकतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि केलेल्या कामाचे पैसे त्यांचे स्वतःचे होते. लिंकनच्या शाळेतल्या मुलाला यातलं काहीच नव्हतं.

मुलांचा तो जुना प्रश्न आपल्याकडे खऱ्या अर्थाने उभा राहिला वर्ध्याला. १९३७च्या जुलैमध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये मांडलं, की मुलाचं शिक्षण उपयुक्त हस्तोद्योगापासून सुरू व्हावं, आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेने आपला खर्च भागवावा. शिक्षणासाठी दारूच्या महसुलावर अवलंबून राहायचं नाही, तर पैसा आणायचा कुठून, हा त्यामागचा व्यावहारिक पेचही होता. ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात परिषद भरली. टकळी हे तिचं जणू चिन्हच. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी तिथे विरोध केला. शाळेचा खर्च मुलांच्या हातांवर टाकाल तर ती गुलामी होईल, आणि शाळांचा माल बाजारात आला तर धंद्यावर जगणाऱ्या कारागिराने काय करायचं, असा त्यांचा सवाल होता. मेरी मॅकार्थरचाच सवाल, तेवीस वर्षांनंतर. पुढे ज्यांच्या अध्यक्षतेखाली योजना तयार झाली, ते डॉ. झाकिर हुसेनही गप्प बसले नाहीत. कमाईवर फार भर दिला तर शिक्षक मुकादम होतील, गरिबांच्या पोरांना पिळतील, आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, अशा अर्थाचा इशारा त्यांनी त्याच परिषदेत दिला.

तरी त्यांच्या समितीने डिसेंबरमध्ये दिलेल्या अहवालात साडेपाच तासांच्या शाळेतले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला दिली आहेत. मला यात विसंगती दिसत नाही. हाताने शिकलेलं डोक्यात जास्त मुरतं, यावर झाकिरसाहेबांचा विश्वास होता. त्यांना भीती होती ती हिशेबाच्या वहीची. ती वही कोणाकडे राहणार, हे मात्र कुठलीच समिती ठरवू शकत नाही.

नई तालीम पुढे फार तगली नाही. शाळांतून उरली ती टकळी, पेळू आणि आठवड्याचा एक तास. पुढे त्याचं नाव कार्यानुभव झालं. आमच्या वर्गात मुलींना लोकरीचा चौकोन विणून आणायचा असे, आणि आमच्या बाई थोड्या विचित्र असल्यामुळे मुलांनाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गल्लीतल्या सगळ्या आया दिव्याखाली विणत बसत. माझा चौकोन आईने विणला होता, अगदी एकसारखा. बाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, हात छान आहे आईचा. मग त्यांनी सुई काढली, दोन ओळी उसवल्या आणि मोकळे टाके माझ्यापुढे धरले. म्हणाल्या, उचल आता. वीस टाके होते. मी अकरा उचलले. उरलेल्या नवांसाठी बाईंनी माझी बोटं धरली.